व्हाटिपूची काळी वाळू आणि दहा वर्षं जुना नकाशा

"तुझी पीएच.डी. नेमकी कशावर?" असं कोणी विचारलं की मी हल्ली एकाच वाक्यात सांगते: एकोणिसाव्या शतकातल्या बंदरांच्या नकाशांवर. ते कोणी केले, कसे केले, आणि ते हातात धरून जहाज हाकणाऱ्यांनी त्यांच्यावर किती विश्वास ठेवला, यावर. समोरचा 'अच्छा' म्हणतो आणि विषय बदलतो. म्हणून या वेळी नकाशा नंतर. आधी तुम्हाला एका किनाऱ्यावर घेऊन जाते.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातून पश्चिमेला वाइटाकेरे डोंगररांगेत शिरायचं, हुइया नावाची छोटी वस्ती ओलांडायची. पुढे डांबर संपतं आणि अरुंद, वळणावळणाचा खडीचा रस्ता सुरू होतो. तो जिथे संपतो ते व्हाटिपू. (माओरी उच्चार 'फाटिपू'च्या जवळ जातो, पण इंग्रजी बोलणारे बहुतेक जण 'व्हाटिपू' म्हणतात.) शहरापासून तासा-सव्वातासाचं अंतर, पण तिथे पोचल्यावर शहर आहे यावर विश्वास बसत नाही. दुकान नाही, टपरी नाही. समोर काळी वाळू, आणि तीही इतकी रुंद की समुद्राचा आवाज आधी येतो, समुद्र बऱ्याच वेळाने दिसतो.

डावीकडे एक मोठा खडक वाळूतून सरळ वर आलेला दिसेल. तो पाराटुटाए. त्याच्या पलीकडे, पाण्यात एकटा उभा असलेला सुळका म्हणजे नाइनपिन. त्याच्या डोक्यावर जहाजांसाठी एक छोटा दिवा आहे. माओरी परंपरेत या सुळक्याचं नाव 'ते टोका टापु आ कुपे', म्हणजे कुपेचा पवित्र खडक. कुपे हा पॅसिफिक ओलांडून इथे आलेला आद्य दर्यावर्दी. पाठलाग करणाऱ्यांना अडवण्यासाठी त्याने मंत्र म्हणून या किनाऱ्यावरच्या लाटा खवळवल्या, अशी कथा आहे. पश्चिम किनाऱ्याच्या या उसळत्या समुद्राला त्यामुळेच 'कुपेने उभ्या केलेल्या लाटा' म्हणतात. कथा म्हणून हे सुंदर आहेच, पण मला त्यात एक सावधगिरीची सूचनाही ऐकू येते. इथलं पाणी सरळ नाही, हे नावातच सांगून ठेवलंय.

हे सुळके आणि मागचे कडे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या मालमसाल्याचे आहेत. वाळू मात्र इथली नाही. ती दक्षिणेकडून, तारानाकीच्या ज्वालामुखीच्या बाजूने, किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे सरकत आली आहे. तिच्यात टायटॅनोमॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज आहे, म्हणून ती काळी आणि जड. खिशात लोहचुंबक घेऊन जा, वाळूत फिरवा, काळी दाढी आल्यासारखा दिसेल. मानुकाऊच्या दक्षिणेला, वाइकाटो नदीच्या मुखाशी हीच वाळू खणून पाण्याबरोबर नळातून ग्लेनब्रुकच्या पोलाद कारखान्यात नेतात. आपल्याकडे रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर काळसर पट्टे दिसतात, त्यात इल्मेनाइट असतं. नातं लांबचं आहे, पण आहे.

'सरकत आली आहे' असं मी म्हटलं खरं, पण ती पोचून थांबलेली नाही. अजूनही सरकतेच आहे. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाराटुटाएच्या पलीकडे पाणी दिसतं ते मानुकाऊ बंदराचं तोंड. आत जवळजवळ चारशे चौरस किलोमीटरचं पाणी, आणि बाहेर पडायला दोन किलोमीटरपेक्षाही अरुंद वाट. मोठ्या उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. म्हणजे दिवसातून दोनदा एवढा मोठा साठा या अरुंद तोंडातून आत शिरतो आणि बाहेर पडतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतं, समुद्रात पसरलं की त्याचा वेग मरतो आणि बरोबर आणलेली वाळू तिथेच पडते. त्याच वेळी समोरून लाटा ती वाळू परत ढकलत असतात. या रेटारेटीत तोंडाबाहेर कित्येक किलोमीटर पसरलेले उथळ वाळूपट्टे तयार होतात. नाविक त्याला 'बार' म्हणतात. पट्ट्यांच्या मधून खोल पाण्याच्या एक-दोन वाटा असतात, आणि जहाजाला जायचं तर त्यांतूनच. कोकणात खाडीच्या तोंडाशी साचणाऱ्या गाळाचं दुखणं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. यंदाची वाट पुढच्या वर्षी तिथेच सापडेल याची खात्री नसते.

आता नकाशा.

मानुकाऊचा पहिला आराखडा १८३६ साली थॉमस विंग नावाच्या कप्तानाने 'फॅनी' या छोट्या जहाजावरून केला. पुढे १८५३ साली ब्रिटिश नौदलाच्या 'पँडोरा' जहाजावरच्या बायरन ड्रुरी या अधिकाऱ्याने रीतसर मोजणी केली. अशी मोजणी म्हणजे काय हे एकदा डोळ्यांसमोर आणा. किनाऱ्यावरच्या ठळक खुणांचे (पाराटुटाए, नाइनपिन, समोरच्या डोंगराचं टोक) कोन सेक्स्टंटने मोजायचे. मग होड्या काढायच्या, ठरलेल्या रेषेवर वल्हवत जायचं, आणि ठरावीक अंतरावर दोरीला बांधलेलं शिसाचं वजन पाण्यात सोडून किती वाव पाणी आहे ते वहीत लिहायचं. (हो, आपले मच्छीमार म्हणतात तोच वाव. दोन्ही हात पसरले की होते ती लांबी, सहा फूट. इंग्रजी फॅदम हेच माप.) प्रत्येक आकडा भरती-ओहोटीच्या हिशेबाने दुरुस्त करायचा. बारवर हे काम करायचं तर समुद्र शांत हवा, आणि इथे तो क्वचितच शांत असतो. त्यानंतर कागद लंडनला जातात, तिथे तांब्याच्या पत्र्यावर कोरले जातात, छापले जातात, आणि जगभरच्या जहाजांपर्यंत पोचतात.

ड्रुरीचं काम वाईट होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या काळच्या मानाने ते चांगलंच होतं. पण नकाशाचं एक वैशिष्ट्य असं, की तो डोंगर आणि वाळू एकाच पेनाने काढतो. नाइनपिनची रेघ आणि वाळूपट्ट्याची ठिपक्यांची कड, दोन्ही एकाच अधिकाराने कागदावर बसतात. पहिली पुढची हजार वर्षं खरी राहील, दुसरी कदाचित पुढच्या हिवाळ्यापर्यंतही नाही. कागदाकडे बघून हा फरक कळत नाही. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या एका गोष्टीवर आहे, आणि ते लिहायला घेतलं ते एका जहाजामुळे.

एच.एम.एस. ऑर्फियस. १८६० साली पाण्यात उतरलेली, वाफ आणि शिडं दोन्हींवर चालणारी, २१ तोफांची युद्धनौका. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश नौदलाचा प्रमुख कमोडोर विल्यम बर्नेट तिच्यावर होता. ३१ जानेवारी १८६३ ला ती सिडनीहून ऑकलंडकडे निघाली. त्या वेळी न्यूझीलंडमध्ये वसाहत सरकार आणि माओरी यांच्यातला जमिनीचा संघर्ष पेटत चालला होता. पाच महिन्यांनी, जुलै १८६३ मध्ये, ब्रिटिश फौजा वाइकाटोत घुसल्या. ऑर्फियसची फेरी याच तयारीच्या दिवसांतली. ऑकलंडचं मुख्य बंदर पूर्व किनाऱ्यावर. तिथे जायचं तर देशाच्या उत्तर टोकाला वळसा पडतो. मानुकाऊतून गेलं की तो वाचतो. बर्नेटने जवळचा रस्ता घेतला.

७ फेब्रुवारी १८६३. दिवस स्वच्छ, ऊन पडलेलं. जहाजावर २५९ माणसं, त्यांतले बरेच विशीतले आणि काही तर त्याहून लहान पोरं. ड्रुरीच्या मोजणीवर आधारलेला नकाशा हाताशी होता. त्यानंतरच्या सुधारित सूचनाही जहाजावर होत्या आणि त्यांत वाळू उत्तरेकडे सरकल्याचं नोंदलेलं होतं. वाट मात्र जुन्या नकाशाप्रमाणे धरली गेली.

तुम्ही आत्ता जिथे उभे आहात त्याच्या डावीकडच्या पाराटुटाएवर तेव्हा सिग्नलचा खांब होता. त्याचे लाकडी हात वर-खाली करून आत येणाऱ्या जहाजाला दिशा दाखवायची, ही पद्धत. त्या दिवशी खांबाशी एडवर्ड विंग होता, १८३६ चा आराखडा करणाऱ्या थॉमस विंगचा मुलगा. थॉमस विंग आता इथला बंदर अधिकारी आणि वाटाड्या होता, पण तो त्या वेळी 'वोंगा वोंगा' ही आगबोट बंदराबाहेर काढून देत होता. एडवर्डने ऑर्फियसला आत यायची खूण केली, आणि मग ती चुकीच्या बाजूला जातेय असं दिसल्यावर उत्तरेकडे वळायची.

जहाजाच्या पोटात आणखी एक माणूस होता. फ्रेडरिक बटलर, 'हॅरिअर' या नौदलाच्या जहाजावरून पळून गेलेला आणि पकडून शिक्षेसाठी परत नेला जात असलेला खलाशी. मानुकाऊत आधी येऊन गेलेल्या, जहाजावरच्या मोजक्या माणसांपैकी तो एक. त्याने सांगितलं, की आपण चुकीच्या वाटेने चाललोय. त्याला वर बोलावलं गेलं, नकाशावर दाखवायला लावलं गेलं, जहाज वळवायचा प्रयत्नही झाला. पण तोवर उशीर झाला होता. दुपारी दीडच्या सुमारास ऑर्फियस बारवर आदळली.

पुढचं सगळं संध्याकाळपर्यंत चाललं. लाटांनी जहाज आडवं फिरवलं, पाणी डेकवरून धावायला लागलं, माणसं डोलकाठ्यांच्या दोरखंडांवर चढली. काही होड्या सुटल्या, काही उलटल्या. वोंगा वोंगाने परत फिरून जमेल तेवढ्यांना उचललं. अंधार पडताना डोलकाठ्या एकामागून एक कोसळल्या, त्यांना धरून असलेल्या माणसांसकट. १८९ जण मेले, कमोडोर बर्नेटसुद्धा. ७० वाचले. न्यूझीलंडच्या इतिहासातली ही आजवरची सगळ्यात मोठी जहाज दुर्घटना. पुढचे कित्येक दिवस प्रेतं किनाऱ्याला लागत होती. सापडली तशी ती जवळच वाळूत पुरली गेली, आणि बहुतेकांच्या जागा आज कोणाला ठाऊक नाहीत. जहाजाच्या काही वस्तू हुइयाच्या छोट्या संग्रहालयात आहेत. येताना वाटेवरच लागतं, थांबा.

आता मला खरं रस आहे ते यापुढच्या भागात: दोष कोणाचा? इंग्लंडमध्ये कोर्ट मार्शल झालं, वाचलेल्यांवर ठपका आला नाही. नौदलाच्या बाजूने बोट दाखवलं गेलं ते किनाऱ्यावरच्या सिग्नलकडे, म्हणजे एडवर्ड विंगकडे. खूण उशिरा केली, नीट केली नाही वगैरे. वसाहतीतल्या लोकांनी उलट विचारलं, की जुन्या नकाशावर कशाला विसंबलात? ही भांडणं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्या दुपारी वाळूबद्दल बरोबर माहिती देणारे तीन स्रोत हजर होते. खांबाशी उभा असलेला तरुण, कैदेतला पळपुटा खलाशी, आणि नवीन सूचनांचा छापील मजकूर. चौथा स्रोत चुकीचा होता, पण तो नौदलाच्या नावाने छापलेला, सुबक, कोरीव नकाशा होता. कोणाचं ऐकायचं हे माहितीच्या ताजेपणावर ठरलं नाही, सांगणाऱ्याच्या दर्जावर ठरलं, असं माझं मत आहे. माझे गाईड म्हणतात, हे जरा जास्त ताणलेलं विधान आहे. पळपुट्याला वर बोलावून विचारलं, याचा अर्थ कमोडोर ऐकायला तयार होता. त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण शेवटची काही मिनिटं उरल्यावर ऐकणं आणि वाट धरण्याआधी ऐकणं यात फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत १८९ माणसं आहे. आमचा वाद चालू आहे.

या यादीत आणखी एक स्रोत घालायला हवा, जो त्या जहाजावर कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. या भागातल्या 'ते कावेराउ आ माकी' या माओरी समूहाच्या परंपरेत 'पाओराए' नावाच्या जमिनीची आठवण आहे. आज जिथे समुद्र आहे, तिथे किनाऱ्याबाहेर पसरलेली मोठी वाळूची भूमी. तिच्यावर तळी होती, कुमारा म्हणजे रताळ्यांची शेतं होती. ती हळूहळू झिजली आणि मोजणी करणारे युरोपियन येईपर्यंत समुद्रात गेली. 'दंतकथा' म्हणून हे बाजूला ठेवायचा मोह आपल्याला होतो. (आपल्याला म्हणजे कागदावर वाढलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना.) पण या आठवणीत नेमकी तीच माहिती आहे जी १८५३ च्या नकाशात मावत नव्हती: इथली वाळू जमीन होते आणि पुन्हा पाणी होते.

आणि ती पुन्हा जमीन झालीसुद्धा. तुमच्या पायाखाली आहे तीच. वाळूच्या या रुंद मैदानाचा बराचसा भाग विसाव्या शतकात तयार झालाय. याचा पुरावा बघायला अभिलेखागारात जायची गरज नाही. कड्याच्या पायथ्याने उत्तरेकडे चालत जा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिहा आणि कारेकारेकडची कौरी वृक्षांची प्रचंड लाकडं ट्रामच्या रुळांवरून याच पायथ्याने व्हाटिपूला आणत आणि पाराटुटाएच्या धक्क्यावरून जहाजांत भरत. रूळ कड्याला चिकटून टाकले, कारण पुढे थेट समुद्र होता आणि लाटा रुळांवर यायच्या. एका ठिकाणी तर खडकातून बोगदा काढावा लागला. त्याच्याजवळ एक जुना बॉयलर आजही गंजत पडलाय. बोगद्यासमोर उभं राहून समुद्र शोधा. तो जवळपास किलोमीटरभर लांब गेलेला दिसेल, मध्ये वाळू, गवत आणि पाणथळ जागा. त्या पट्ट्याला आता संरक्षित क्षेत्राचा दर्जा आहे.

गाडी लावायच्या जागेपासून वीसेक मिनिटांवर गुहा आहेत. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या गुहेत लाकूडतोड्यांच्या काळात कौरीच्या फळ्यांची जमीन घातली होती आणि तिथे नाचाचे कार्यक्रम व्हायचे. लांबून लोक यायचे. ती जमीन तिथेच आहे, फक्त तुम्ही तिच्यावर सुमारे पाच मीटर उंचीवर उभे असता. मधलं सगळं वाळू. ड्रुरीच्या नकाशाबद्दल शंभर पानं वाचून जे मला नीट कळलं नव्हतं, ते या गुहेच्या छताला हात लावताना कळलं.

समोरच्या दक्षिण टोकावर दीपगृह बांधलं गेलं ते १८७४ साली, ऑर्फियसनंतर अकरा वर्षांनी. बार अजून सरकतोच आहे.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. जाण्याआधी भरतीची वेळ बघा. पाराटुटाएच्या खडकांवर मासे पकडायला उभे राहणारे लोक लाटेने ओढले जातात, तिथे जाऊ नका, आणि पोहायचा तर विचारही नको. कौरीची झाडं एका रोगाने मरत आहेत. तो मातीतून पसरतो, म्हणून जंगलाच्या पायवाटांवर बूट घासून, औषध फवारून जायची सोय केलेली असते, ती टाळू नका. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ते कावेराउ आ माकीने जंगलावर 'राहुई', म्हणजे प्रवेशबंदी जाहीर केली होती. तेव्हापासून काही वाटा बंद होतात, काही पुन्हा उघडतात, त्यामुळे निघण्याआधी ताजी माहिती बघा, जुन्या ब्लॉगवर (यासकट) विसंबू नका. वाळूवर पक्षी उघड्यावरच अंडी घालतात, दोरीने आखलेल्या भागात शिरू नका.

पुढच्या पोस्टमध्ये नौदलाच्या नकाशाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या दुरुस्तीच्या तारखा कशा वाचायच्या ते सांगणार आहे. माझं सगळं प्रकरण त्या बारीक अक्षरांवरच उभं आहे.